वरचा जाळपट्टा

गायमाळावरचं गवत त्या वर्षी माणसाच्या छातीला लागलं होतं. दिवाळी उलटली तरी पाऊस हटला नाही, म्हणून डिसेंबरातही ते बुडाशी हिरवं राहिलं. आणि मग संक्रांतीच्या आत आठ दिवसांत सगळं वाळून कोळ झालं. रंभा सकाळी वर चढली की आधी एक काडी मोडून बघायची. आता ती रोज कट्कन मोडत होती.

गायमाळ म्हणजे बोरगाळ गावाच्या डोक्यावरचा फॉरेस्टचा उतार. गावात उभं राहिलं तर डावीकडे मलंगगड आणि खाली कल्याण-डोंबिवलीच्या इमारती, एकाला एक चिकटलेल्या. सात वर्षांपूर्वी या उतारावर दगड आणि काटेरी झुडपं सोडून काही नव्हतं. मग वनखातं, गावची समिती आणि डोंबिवलीची झाडं लावणारी मंडळी अशा तिघांत करार झाला. जागा खात्याची, माणसं आणि पाणी डोंबिवलीकरांचं, राखण गावाची. बावीसशे रोपं लागली. समितीत अकरा पुरुष होते, पण उन्हातान्हात राखण करायला एकजण पुढे आला नाही. रंभाचा नवरा पंढरी मोहन्याची कंपनी बंद पडल्यापासून घरी होता. छाती भरलेली, दोन पायऱ्या चढला की खाली बसायचा. तेव्हा रंभाच म्हणाली, मी करीन. गावाची राखण म्हणजे रंभा, असं तेव्हापासून झालं.

जानेवारीतल्या त्या रविवारी ती सात वाजल्यापासून पायथ्याच्या टाकीपाशी कोयते घासून बसली होती. साडेआठला एक रिक्षा आली आणि तिच्यातून डोंबिवलीच्या मंडळींतल्या विनिताबाय एकट्याच उतरल्या. डोक्याला टोपी, हातात काठी, पाठीवर पाण्याची बाटली. बँकेतून निवृत्त झालेल्या, चौसष्ट वर्षांच्या. सात वर्षांत त्यांचे रविवार चुकले असतील तर दहा-बारा.

"बाकीची मानसा कुठं हायीत?" रंभाने विचारलं.

"आज ठाण्याला मॅरेथॉन आहे ना. सुशांत आणि त्याचा सगळा ग्रुप तिकडे गेलाय." विनिताबाईंनी टोपी सारखी केली. "आपण दोघी सुरुवात करू. पुढच्या रविवारी येतील सगळे."

रंभाने एक कोयता त्यांच्या हातात दिला. पहिल्या वर्षी साठ-सत्तर जण यायचे. बसच्या बस भरून. मग तीस झाले, मग पंधरा. लावायला माणसं मिळतात, जगवायला मिळत नाहीत, हे तिला केव्हाच कळलं होतं.

काम होतं जाळपट्ट्याचं. लागवडीच्या चारी बाजूंनी दहा हात रुंद पट्टा काढायचा, त्यातलं गवत कापून मध्ये ढीग करायचे, आणि पहाटेच्या पडल्या वाऱ्यात ते ढीग आपल्या हातांनी जाळून टाकायचे. बाहेरून वणवा आला तर उघड्या जमिनीवर येऊन मरतो. दर वर्षी खातं यासाठी वीस मजूर द्यायचं. या वर्षी मंजुरीच आली नव्हती.

दोघी खालच्या अंगाला लागल्या. रंभा डाव्या मुठीत गवताचा पेंढा धरायची, कोयता बुडाशी ओढायची, पेंढा मागे टाकायची. विनिताबाय काठी बाजूला ठेवून उकिडव्या बसायला गेल्या, पण गुडघा दुमडेना. शेवटी त्या जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि बसल्या बसल्याच सरकत कापू लागल्या. कुसळं साडीतून, मोज्यांतून आत शिरत होती. तासाभरात त्यांच्या तळहाताला फोड आला. रंभाने आपल्या पदराची चिंधी फाडून त्यांच्या हाताला बांधली.

"तुमी ढीग लावा, विनिताबाय. कापायचा मी कापतंय."

"नाही हो, चालतंय मला," विनिताबाय म्हणाल्या आणि तोंड फिरवून पुन्हा कापू लागल्या.

अकराच्या सुमाराला वनरक्षक शिवराम वर आला. तिशीचा, साताऱ्याकडचा, सरळ माणूस. त्याच्याकडे एकट्याकडे गस्तीच्या तीन हद्दी, खात्याच्या भाषेत तीन बीट, होत्या आणि एक मोटारसायकल.

"मंजुरी वरूनच आली नाही, मॅडम," तो विनिताबाईंना म्हणाला. "करार मार्चअखेर संपतोय ना. त्यामुळे यंदा खर्च कोणी टाकायचा, यावरच फाइल अडकलीय."

"गवत करार वाचतं का, शिवराम?"

शिवरामने कोयता उचलला आणि तासभर त्यानेही कापलं. मग फोन आला आणि तो गेला.

पुढचे पंधरा दिवस रंभा रोज एकटी कापत राहिली. कधी गुणाजी मदतीला यायचा. गुणाजी म्हणजे शेजारचा सत्तरीचा म्हातारा, दोन म्हशी राखणारा, आणि समितीच्या अकरांतला एकच जो कधीमधी वर चढायचा. तो विडी पेटवायचा ती मात्र टाकीपाशी, आणि विझवून थोटूक कानावर ठेवायचा. खालचा पट्टा झाला. ओढ्याकडचा झाला, गावाकडचा झाला. तिन्ही पट्टे त्यांनी भल्या सकाळी जाळले, ओल्या डहाळ्या हातात घेऊन दोन्ही बाजूंना उभं राहून. उरला वरचा, चारशे पावलांचा. आणि वारा दुपारी वरूनच उतरायचा.

त्याच आठवड्यात एका दुपारी मितेश जेवायला घरी आला. रंभाचा एकुलता पोरगा, अठ्ठावीस वर्षांचा. जेसीबी चालवायचा. गायमाळाच्या माथ्यावरची जमीन कुणा शेठने घेतली होती, तिथे त्याचं मशीन लागलं होतं. त्याची बायको करिश्मा पाच महिन्यांची गरोदर होती. तिने जवळ्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली.

"आये," मितेश घास घेत म्हणाला, "वरच्या अंगाला हात नको लावू."

"कनाला?"

"शेठ तिथून रस्ता काढतंय. मोजनी जालीय. तुमची डोंबिवलीची लोका येनार, फोटो काढनार, अर्ज टाकनार. मंग सगल्यांना टेन्शन."

"ती हद्द फॉरेस्टची हाय."

"हद्द फॉरेस्टची, पन कड शेठची. मशीन कडेनीच चालनार ना."

पंढरी ओटीवरून खोकत म्हणाला, "अरं, पट्टा नाय काढला तं सगला जलल."

"तुमी गप रवा, बाबा. काय जलत नाय."

रंभाने पोराच्या पानात आणखी कालवण घातलं. गावात पोरांना काम नव्हतं. जमिनी विकून झालेल्या, मिठागरं बापजाद्यांबरोबर गेलेली. मितेशला हे मशीन मिळालं तेव्हा तिनेच देवीला नारळ फोडला होता. ती एवढंच म्हणाली, "रविवारी पोरा येनार हायीत. तवा काढू पट्टा. तुज्या मशीनच्या आड नाय येत."

पण त्या रविवारी पोरं आली नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाहीत. कुणाच्या परीक्षा, कुणाचं लग्न. विनिताबाय फोनवर म्हणाल्या, "रंभाताई, मी कॉलेजशी बोललेय. येत्या रविवारी तीस मुलं नक्की. बस ठरलीय. एका दिवसात पट्टा होईल बघा." त्यांचा आवाज मोकळा होता. रंभालाही वाटलं, तीस जण म्हणजे दोन तासांचं काम. कंबर धरली होती, उजवं मनगट सुजलं होतं. एकटीनेच वर लागायचं मनात होतं, ते सोडून तिने चार दिवस विसावा घेतला. पुढे ते चार दिवस ती स्वतःला कधीच माफ करणार नव्हती.

आग गुरुवारी आली.

मार्चचा पहिला आठवडा. ऊन डोक्यावर होतं. रंभा टाकीतून कॅन भरून ओढ्याकडच्या करंजांना पाणी घालत होती. आधी वास आला. मग वर बघितलं तर माथ्यावर पांढुरका धूर, आणि बघता बघता त्याला खालून काळा रंग चढला. तिने कॅन तिथेच टाकला, करंजाची मोठी डहाळी मोडली आणि वर धावत सुटली. निम्म्यात चप्पल तुटली. ती काढून फेकली.

वर पोचली तेव्हा आग पंचवीस-तीस पावलं रुंद झाली होती आणि वाऱ्याबरोबर खाली वाकत होती. वाळलं गवत तडतडत होतं, जणू कुणी पत्र्यावर खडी ओततंय. आगीच्या कडेला एक माणूस गोणपाटाने झोडपत होता. शर्टाची बाही जळालेली, तोंड काळं. तो मितेश होता.

"आये!" तो ओरडला. "वारा फिरला गो! आमी आमच्याच हद्दीत लावली व्हती. गवतान दगड दिसत नव्हतं मशीनला. शेठ बोलला, जाल मार. वारा फिरला!"

"बाकीचे कुठं?"

"पलाले!"

ती डहाळी घेऊन त्याच्या शेजारी उभी राहिली आणि झोडपू लागली. डहाळी मारायची, दाबून धरायची, उचलायची. चार हात विझवावं, तोवर पलीकडे दहा हात पेटायचं. धुराने डोळे मिटत होते. गवतातून एक ससा तिच्या पायांवरून उडी मारून गेला. पदराच्या टोकाने पेट घेतला, तो मितेशने हातांनी चुरगाळून विझवला. "तू खाली जा, आये, मरशील," तो म्हणत होता आणि ती झोडपत होती. तिच्या डाव्या हाताची बोटं कधी भाजली ते तिला कळलंच नाही.

वरची ओळ ऐनांची होती. सात वर्षांची, माणसापेक्षा उंच झाडं. आग अजून दोन हात लांब असतानाच त्यांची पानं मिटत गेली, मुठी आवळाव्यात तशी. मग खालचं गवत भडकलं आणि खोडांवरच्या साली फुटल्या. त्यानंतर आग थांबवायची कुणाची ताकद उरली नाही. ती उतारावर सुटली. बहावे, आवळे, खैर, कांचन. तिन्ही बाजूंना पट्टा होता, तिथे जाऊन ती शहाण्यासारखी थांबली. गावाला, ओढ्याला, शेजारच्या जंगलाला काही झालं नाही. फक्त आतलं सगळं गेलं.

गावातली चार माणसं आणि गुणाजी डहाळ्या घेऊन आली तेव्हा चार वाजले होते. खालून शिवरामची मोटारसायकल ऐकू आली तसा मितेश उठला, आईकडे न बघता माथ्याकडून पलीकडे उतरून गेला. रंभा टाकीपाशी बसली. शिवरामने तिच्या हातांवर पाणी ओतलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. धुराचं असेल, नाहीतर नसेल.

दुसऱ्या दिवशी दहाला पंचनामा झाला. वनखात्याचे मोठे साहेब येणार म्हणून रंभाच्याच घरातली प्लॅस्टिकची खुर्ची वर न्यायला लावली, आणि बोटांना फडकी बांधलेल्या हातांनी तिनेच ती नेली. विनिताबाय आल्या होत्या, बरोबर संस्थेचे दोघे. त्या राखेतून चालत प्रत्येक झाडापाशी थांबत होत्या. काठी टेकेल तिथून राख उडत होती. रंभाला बघून त्यांनी तिला नुसतं जवळ घेतलं.

साहेब खुर्चीत बसले. गुणाजीला समोर जमिनीवर बसवलं. त्याच्या खिशातली विड्यांची जुडी आणि काडेपेटी एका कागदावर मांडून ठेवली होती.

"काल म्हशी घेऊन आला होतास?"

"आलो व्हतो, सायेब. पन सकालचा. ओढ्यावर."

"विडी ओढली?"

"टाकीवर ओढली."

"लिहा," साहेब कारकुनाला म्हणाले. "गुराख्याच्या निष्काळजीपणामुळे..."

गुणाजीने हात जोडले. "नाय वो सायेब, मीच ही झाडा राखलीत. मी कनाला जालीन?"

गावातले पाच-सहा जण होते. माथ्यावर काल कोण होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे खाली बघत होते. रंभाने एकदा वर, माथ्याकडे बघितलं. मशीनच्या चाकांच्या खुणा तिथे उघड्या दिसत होत्या.

"गुनाजी नव्हता," ती म्हणाली. "माज्या पोरान लावली."

कारकुनाचं पेन थांबलं. विनिताबाईंनी चमकून तिच्याकडे बघितलं.

"कोण पोरगा?" साहेबांनी विचारलं.

"मितेश. वर शेठचा मशीन चालवतंय. शेठनी सांगितला गवात जाल, त्यान जालला. वारा फिरला."

"तुम्ही लावताना पाहिलंत?"

"मी गेले तवा तो झोडपत व्हता. त्यानंच सांगितला मना."

"म्हणजे लावताना पाहिलं नाही." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, आईने पोराचं नाव घ्यायचं, उद्या कोर्टात फिरवायचं. असल्या जबाबाला काही अर्थ नसतो. आणि ती वरची जमीन खासगी आहे, तिथे काय चाललंय तो आमचा विषय नाही."

ते उठून फोनवर बोलत बाजूला गेले. दहा मिनिटांनी आले. गुणाजीला म्हणाले, जा तू. विड्या परत दिल्या. आणि कारकुनाला सांगितलं, "अज्ञात कारणाने लागलेला वणवा. रोपवन शंभर टक्के नष्ट."

"शंभर टक्के?" विनिताबाय पुढे झाल्या. "साहेब, मुळं जिवंत असू शकतात. ऐन आहे, पळस आहे. पावसाळ्यापर्यंत थांबून बघायला हवं."

"मॅडम, तुम्ही एवढी वर्षं काम करताय, तुम्हाला मी काय सांगू?" साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुमचा करार संपतोय. साठ टक्के लिहिलं तर ही जागा अर्धवट म्हणून पडून राहील, कोणी हात लावणार नाही. शंभर लिहिलं तर नवीन रोपवनाचा प्रस्ताव जातो. एक मोठी कंपनी विचारतेय. कुंपण मिळेल, पाण्याची पाइपलाइन मिळेल. तुमच्या संस्थेचं नाव राहीलच."

विनिताबाईंनी उताराकडे बघितलं. पाइपलाइन. सात वर्षं त्यांनी खांद्यावरून कॅन वाहिले होते. त्यांनी पेन घेतलं आणि सही केली.

मग रंभाची पाळी. प्रौढांच्या वर्गात शिकून ती सही करायची, समितीच्या प्रत्येक कागदावर तिची सही होती. पण आज बोटांत पेन धरवेना.

"अंगठा घ्या," कारकून म्हणाला. त्याने तिचं फडकं सोडलं, अंगठ्यावरचा फोड बघून जरासा थांबला आणि मग शाईच्या पॅडवर टेकवला.

उतरताना विनिताबाय तिच्या बरोबरीने चालत होत्या. "पोराचं नाव लिहिलं नाही, ते तुमच्या दृष्टीनं बरंच झालं, रंभाताई."

"माज्या नाय, बाय," रंभा म्हणाली. "शेठच्या."

मितेश तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आला. त्याच्या दोन्ही मनगटांना पट्ट्या होत्या. आल्या आल्या त्याने करिश्माला कपडे भरायला सांगितलं.

"सगल्या गावासमोर माजा नाव घेतलास."

"गुनाजीचा नाव लिवत व्हते."

"लिवू दे व्हता! म्हाताऱ्याला कोन काय करनार व्हता? एक दिवस बसवला असता, सोडला असता. तुना तुजी झाडा मोठी. पोरापरीस मोठी."

"तुज्याबरोबर मी पन झोडपली ना रं."

"झोडपलीस. आन मंग नाव सांगितलास."

करिश्मा स्टीलची भांडी गोणपाटात घालत होती. पंढरी भिंतीला धरून उभा राहिला. "जेवून तरी जा," म्हणाला. मितेश जेवला नाही. विठ्ठलवाडीला मित्राच्या ओळखीने खोली मिळाली होती. टेम्पोत बसताना करिश्मा सासूच्या पाया पडायला वाकली, पोटामुळे तिला नीट वाकता येईना. रंभाने तिला दंडाला धरून उठवलं. टेम्पो वळणावर गेल्यावर पंढरी खोकायला लागला तो थांबेना.

मार्चअखेर करार संपला. आता राखायला काही नव्हतं, आणि राखणदारही नको होता. तरी रंभा रोज सकाळी वर जायची. घरात पंढरीच्या खोकल्याशिवाय आवाज नव्हता. बोटं बरी झाली, पण डाव्या हाताची दोन सरळ होईनात; भाकरी थापताना ती आडवी यायची.

मे अर्धा सरला आणि वळवाच्या दोन सरी पडून गेल्या. एके सकाळी काळ्या खोडाच्या बुडाशी तिला काहीतरी तांबूस दिसलं. ती गुडघ्यांवर बसली. ऐनाच्या मुळातून तीन कोंब आले होते, बोटाएवढे, लव असलेले. तिने हात लावला नाही. शेजारच्या ऐनालाही होते. खाली पळसाला, करंजांना. ती तशीच रांगत एकेका झाडापाशी गेली. संपूर्ण उतार मोजायला तिला चार दिवस लागले. ज्याला कोंब दिसेल त्याच्या बुडाशी एक खडा ठेवायची. सातशेच्या वर खडे झाले.

शिवराम आला, त्याने वाकून बघितलं.

"मुळं सात वर्षांची आहेत, मावशी," तो म्हणाला. "दोन वर्षांत माणसाच्या डोक्याला लागतील. नवीन रोपाला तेवढं व्हायला पाच लागतील."

"मंग सांग तुज्या सायबाला."

"सांगतो. पण कागदावर ही मेलीत."

रंभाने विनिताबाईंना फोन लावला. पलीकडून विनिताबाय लहान पोरीसारख्या ओरडल्या, "खरंच? सातशे? मी आजच बोलते साहेबांशी!" दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. आवाज पडलेला.

"त्यांचं म्हणणं, प्रस्ताव मंजूर झालाय. कंपनी पर्यावरण दिनाच्या रविवारी हजार लोक आणतेय. सरळ ओळीत, तीन-तीन मीटरवर नवीन खड्डे. जुनी झाडं जिवंत दाखवली तर आधीचा पंचनामा खोटा ठरतो. मग तो केला कोणी, सही कोणाची, हे सगळं निघेल." त्या थांबल्या. "सही माझीच आहे ना, रंभाताई."

"तुमी या. तुमी समोर उभ्या राहिलाव तं ऐकतील."

"सोमवारी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे हो. दीड महिना हलायचं नाही सांगितलंय."

"बरा," रंभा म्हणाली. "कालजी घ्या, बाय."

खड्ड्यांचं काम बुधवारी सुरू झालं. ठेकेदाराच्या माणसांनी उतारावर दोऱ्या ताणून चुन्याच्या खुणा मारल्या. दगड वेचायला गावातल्या पाच बायका बोलावल्या, त्यांत रंभा होती. माथ्यावरच्या शेठच्या नव्या रस्त्याने मशीन सरळ आत उतरलं. ठेकेदाराने तेच भाड्याने घेतलं होतं. केबिनमध्ये मितेश होता.

तीन महिन्यांनी तिने त्याला बघितलं. दाढी वाढलेली, गाल बसलेले. त्याने तिला पाहिलं आणि नजर खाली खुणेवर नेली. लोखंडी हात उतरला, दात जमिनीत घुसले आणि मातीबरोबर ऐनाचं एक खोड मुळासकट वर आलं. पांढरी, ओली मुळं. कोंबांवर पानं फुटलेली होती. मशीनने ते सगळं बाजूला ओतलं.

"अरं, थांब!" रंभा ओरडली. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू जाईना. दुसरी खूण, दुसरा खड्डा. तिथलंही खोड वर आलं. तिने घमेलं टाकलं आणि पळत जाऊन तिसऱ्या खुणेवर उभी राहिली. तिच्या पायांमागे ऐनाचे चार कोंब होते, वीतभर झालेले.

बाकीच्या बाया दगड वेचायच्या थांबल्या. खालून ठेकेदाराचा माणूस हात हलवत ओरडू लागला. मितेशने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"आये, बाजूला हो."

"जिता हाय तो. बग."

तो वाकला. पानाला त्याने बोट लावलं. मनगटावर भाजल्याचा गुलाबी व्रण होता.

"मना संध्याकालपर्यंत तीनशे खड्डे सांगितलेत," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मी नाय काढले तं दुसरा येल. मशीन तेच ऱ्हाईल."

"करिश्मा कशी हाय?"

"आठवा सरत आलाय. पाय सुजतात तिचे."

"मीठ कमी दे तिला. आन तू? खाल्लास काय?"

त्याने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. मग तो वळून मशीनवर चढला. रंभा जागची हलली नाही. इंजिन सुरू झालं, धुराचा लोट आला. लोखंडी हात वर उचलला गेला आणि तिने डोळे मिटले नाहीत.

मशीन मागे सरकलं. जागेवरच वळलं, तिला आणि तिच्यामागच्या झाडाला मोकळं सोडून पुढे गेलं आणि चौथ्या खुणेवर थांबलं. तिथेही कोंब होते, इथून दिसत होते. त्याच्या पुढच्या खुणेवरही. रंभाने एक पाऊल तिकडे टाकलं. मग मागे बघितलं. ठेकेदाराचा माणूस टिकाव घेऊन तिसऱ्या खुणेकडे चढत येत होता. ती पुन्हा आपल्या ऐनापाशी आली आणि तिथेच उभी राहिली. पलीकडे मशीनचा हात खाली उतरला.